आरटीआय टाकताना प्रश्न विचारू नका, कागद मागा

मी पहिला माहिती अधिकाराचा अर्ज टाकला तेव्हा सरळ लिहिलं होतं, आमच्या गावचा रस्ता एकाच पावसाळ्यात का उखडला. महिन्याने उत्तर आलं, माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे, देता येत नाही. भारी राग आला. पण मग कायदा वाचला तर कळलं की 2005 च्या कायद्यात माहिती म्हणजे ऑफिसच्या रेकॉर्डवर जे आहे ते, 'का'चं उत्तर तयार करून द्यायला ते बांधील नाहीत.

दुसऱ्यांदा लिहिलं, अमुक रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक अन् अदा केलेल्या बिलांच्या साक्षांकित प्रती, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. सगळं मिळालं. मोजमाप पुस्तकात खडीचा थर किती जाड दाखवलाय ते बघितलं अन् आम्ही चार जण टेप घेऊन रस्त्यावर गेलो, 'का'चं उत्तर तिथंच सापडलं.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्या भावांनो, फळपीक विमा हवामानावर ठरतो ना, मग कृषी ऑफिसात आपल्या महसूल मंडळाच्या हवामान केंद्राची रोजच्या तापमानाची नोंद मागा. घरकुलातून नाव गेलं असेल तर मंजूर यादी अन् ती ज्या ग्रामसभेत ठरली तिचं इतिवृत्त मागा. कशासाठी पाहिजे ते सांगायची गरज नाही, कलम 6(2) मध्ये तसं स्पष्ट आहे, कोणी विचारलं तरी घाबरू नका.

अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात, एका अर्जात एकच विषय, शक्यतो 150 शब्दांत. वर 10 रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही, फक्त दाखला जोडा. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने, म्हणजे त्या ऑफिसात माहिती देण्यासाठी नेमलेल्या माणसाच्या नावाने करायचा; ग्रामपंचायतीचं असेल तर तो म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी, आधी ज्याला ग्रामसेवक म्हणायचे. चुकीच्या ऑफिसात गेला तरी त्यांनी 5 दिवसांत पुढे पाठवायचा असतो, "आमच्याकडे येत नाही" म्हणून परत देता येत नाही. अन् पोच घ्याच, शिक्का अन् तारखेसकट, त्याशिवाय पुढचं काहीच होत नाही.

प्रतींचा ढीग मोठा असेल तर आधी फाईल बघायला मागा, तोही हक्क आहे, अन् कामातल्या साहित्याचा नमुनासुद्धा मागता येतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे.

30 दिवसांत माहिती नाही आली तर ती नंतर फुकट द्यावी लागते. मग त्याच्या पुढच्या 30 दिवसांत जोडपत्र 'ब' मध्ये त्याच ऑफिसच्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, 20 रुपयाचं स्टॅम्प लावून. तिथंही नाही जमलं तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं, जळगाव, धुळे, नंदुरबारचं नाशिक खंडपीठात जातं. विनाकारण अडवलं असं ठरलं तर अधिकाऱ्याला रोजचे 250 रुपये, जास्तीत जास्त 25 हजार दंड, अन् तो त्याच्याच पगारातून जातो.