ऊस ओढणाऱ्या बैलांसाठी कायदा हलवायचा कसा

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर या भागांत उतरतात आणि रस्त्यांवर टायरगाड्या दिसू लागतात. दोन बैलांच्या मागे उसाच्या मोळ्यांचा डोंगर असतो. चढ आला की बैलाचे पुढचे पाय थरथरतात, गाडीवान आर (टोकाला खिळा असलेली काठी) टोचतो, एखादा बैल गुडघ्यावर बसतो. बघणाऱ्याच्या पोटात कालवतं. तो मोबाइल काढतो, व्हिडिओ चार ग्रुपांवर जातो, आणि पुढच्या वर्षी त्याच चढावर तेच घडतं.

हा लेख त्या व्हिडिओच्या पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. वकील असण्याची किंवा संस्था काढण्याची गरज नाही. चारपाच माणसं, एक फाइल आणि वर्षभराचा नेट एवढं हवं.

आधी ठरवा: तक्रार कुणावर?

गाडीवान हाच गुन्हेगार, असं समजून सुरुवात केली तर काम तिथेच संपतं. त्याने मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि ती हंगामात फेडायची असते. मजुरी टनावर मिळते. बैलजोडी अनेकदा कर्जाने घेतलेली असते आणि घरातला सगळ्यात मोठा ऐवज तीच असते. फेऱ्या कमी झाल्या तर त्याचं पोट कमी भरतं, म्हणून तो एका फेरीत जास्त भरतो. बैलाच्या खांद्यावरचं ओझं टनाच्या दरातून येतं, आणि ते वजन कारखान्याच्या काट्यावर रोज नोंदलं जातं. तेव्हा बोट दाखवायचं ते ओझं ठरवणाऱ्या व्यवस्थेकडे: कारखाना, देखरेख करणारी सरकारी कार्यालयं आणि विधिमंडळ. गाडीवानाला शत्रू केलंत तर बैलाबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस तुम्ही गमावलात.

पायरी १: कायदा हातात घेऊन वाचा

दोन कागद छापून घ्या. पहिला, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा केंद्रीय कायदा. त्याच्या कलम ११ मध्ये मारहाण, अति ओझं लादणं, अति हाकणं, आजारी, जखमी किंवा म्हाताऱ्या जनावराला कामाला जुंपणं हे सगळं गुन्हा आहे. हाकणारा जसा दोषी, तसाच हे होऊ देणारा मालकही दोषी.

दुसरा, ओढकाम करणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांबद्दलचे १९६५चे नियम. हे नियम फार कमी जणांनी वाचलेले आहेत, आणि खरी ताकद त्यांच्यातच आहे. बैलाचं वजन २०० किलोपर्यंत, २०० ते ३५० किलो, की त्याहून जास्त, आणि गाडीला हवेचे टायर आहेत की नाहीत, यावरून किती ओझं चालेल याचा तक्ता त्यांत दिला आहे. लांब आणि तीव्र चढाच्या वाटेवर ही मर्यादा निम्म्यावर येते. दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही. पारा ३७ अंशांच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. टोकदार आर वापरायला मनाई आहे. जास्त ओझ्याचा संशय आला तर पोलीस अधिकारी गाडी वजनकाट्यावर न्यायला सांगू शकतो.

आता शिक्षा बघा. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांत पुन्हा गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली ५० रुपयांना काही किंमत होती. आज तेवढ्यात वैरणीच्या चार पेंढ्या येणं मुश्कील. आणखी एक अडचण म्हणजे अति ओझ्याचा हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतात आणि पुढचा रस्ता न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातो. जनावर ठार झालं, जायबंदी झालं किंवा निकामी केलं गेलं, तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू शकतं. त्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

गोवंश हत्याबंदीचा राज्याचा कायदा वेगळा आहे. तो या कामात मिसळू नका. विषय मिसळला की चर्चा भलतीकडे जाते आणि राबणारा बैल बाजूलाच राहतो.

पायरी २: पुरावा काट्यावर शोधा

कारखान्यात येणारी प्रत्येक गाडी आधी भरलेली आणि मग रिकामी वजन होते, आणि पावती निघते. जास्त ओझ्याचा याहून पक्का पुरावा नाही, आणि तो कारखान्याने स्वतःच लिहिलेला असतो. गाडीवानांशी बोला, चहा प्या, त्यांची अडचण ऐका. विश्वास बसला की पावत्या बघायला मिळतात. पावतीचा फोटो घेताना नाव आणि गाडी क्रमांक झाका. तुम्हाला वजन, तारीख आणि कारखाना एवढंच हवं आहे.

जनावर बघायचं ते असं. जू जिथे बसतं तिथे, वशिंडाच्या पुढे, खांदा सुजला आहे का, कातडं सोलून ओल दिसते का, की घट्ट गाठ झाली आहे. पुठ्ठ्यावर, शेपटीच्या मुळाशी आर टोचल्याचे बारीक व्रण आहेत का. खुरांच्या पत्र्या झिजून पाय डांबरावर घसरतात का. गाडीतळावर, म्हणजे कारखान्याशी उसाच्या गाड्या रांगेत थांबतात तिथे, नंबर लागेपर्यंत बैल जुवाखाली उभे असतात की सोडलेले असतात, पाण्याचा हौद आहे का आणि त्यात पाणी आहे का, सावली आहे का. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ आणि जागा लिहा. आठ-दहा नीट नोंदी शंभर व्हिडिओंपेक्षा जास्त काम करतात.

कारखान्याच्या आवारात परवानगीशिवाय जाऊ नका. रस्त्यावर गाडी अडवू नका, बैल सोडवू नका, दमदाटी करू नका. बैल कोसळला असेल तर पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ आणि पोलिसांसाठी ११२ लावा आणि मदत येईपर्यंत बैलाजवळ थांबा. कुणाचाही चेहरा समाजमाध्यमांवर टाकू नका.

पायरी ३: लेखी तक्रार, आणि मुदतीच्या आत

१९६०च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून ३ महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो. हंगाम संपल्यावर निवांत तक्रार लिहू म्हणणाऱ्यांचे पुरावे इथेच वाया जातात. म्हणून आठवड्याच्या आत लिहा.

तक्रार एका पानात बसवा. स्थानिक पोलीस ठाणं, तालुक्याचे पशुवैद्यकीय अधिकारी आणि जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी, तिघांनाही द्या. २००१च्या केंद्रीय नियमांनुसार अशी सोसायटी प्रत्येक जिल्ह्यात असायला हवी. ती झोपलेली असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. मजकूर साधारण असा:

“दिनांक अमुक रोजी अमुक कारखान्याच्या गाडीतळावर अमुक इतक्या बैलजोड्या सायंकाळी ६ ते रात्री ११ जुवाखाली उभ्या होत्या. पाण्याची सोय नव्हती. तीन बैलांच्या खांद्यावर उघड्या जखमा होत्या. सोबत फोटो आणि वजनपावत्यांच्या प्रती. १९६५च्या नियमांतील ओझ्याच्या मर्यादेनुसार तपासणी करून अहवालाची प्रत मला द्यावी, तसेच पशुवैद्यकीय शिबिर तातडीने घ्यावे.”

‘अमानुष’, ‘राक्षसी’ असले शब्द टाळा. तुम्हाला राग आलेला असतो आणि तो खरा असतो. पण अधिकाऱ्याला काम करायला लावते ती तारीख आणि वजन.

पायरी ४: पावसाळ्यात माहितीचा अधिकार

कारखाना बंद असतो तेव्हा कागद गोळा करायचे. माहिती अधिकाराचं शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. सहकारी कारखाना ‘आम्हाला हा कायदा लागू नाही’ म्हणून हात झटकू शकतो, म्हणून अर्ज सरकारी कार्यालयांना करा: पुण्याचं साखर आयुक्तालय, विभागाचे प्रादेशिक साखर सहसंचालक, पशुसंवर्धन विभाग आणि जिल्हाधिकारी कार्यालय.

‘का केलं नाही’ असं विचारू नका, कागद मागा. गेल्या तीन वर्षांत जिल्हा सोसायटीच्या किती बैठका झाल्या, त्यांची इतिवृत्तं. गळीत हंगामात गाडीतळांवर किती तपासण्या झाल्या, त्यांचे अहवाल. बैलगाडीच्या ओझ्याबद्दल कारखान्यांना पाठवलेल्या परिपत्रकांच्या प्रती. ‘अशी माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर आलं तरी नाराज होऊ नका. तपासणीच झालेली नाही याचा तो सही-शिक्क्याचा पुरावा आहे आणि पुढच्या प्रत्येक निवेदनाला तो जोडायचा.

पायरी ५: कारखान्याच्या सभेत उभे राहा

माझ्या मते सगळ्यात जास्त जोर इथे लावावा, आणि प्राणिप्रेमी मंडळी नेमकी ही जागा विसरतात. सहकारी कारखान्याचे मालक सभासद शेतकरी आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे हंगामाच्या तोंडावर. सभेची नोटीस आली की ओळखीच्या सभासदांना धरा आणि संचालक मंडळाला लेखी ठराव द्या. नियमापेक्षा जास्त वजनाची बैलगाडी काट्यावर घेतली जाणार नाही, आणि त्यापोटी गाडीवानाच्या मजुरीचं नुकसान होऊ नये म्हणून कमी ओझ्याच्या फेरीला दर वाढवून दिला जाईल. गाडीतळावर पाणी आणि सावली. नंबर लागेपर्यंत बैल सोडण्याची मोकळी जागा. हंगामाआधी प्रत्येक बैलजोडीची तपासणी.

मजुरीचं कलम काढू देऊ नका. ते गेलं की बैलाच्या ओझ्याचा भार माणसावर पडतो आणि गाडीवान तुमच्या विरोधात उभा राहतो. त्यांनी केलेला विरोध योग्यच ठरेल.

ग्रामसभेचा ठरावही जोडा. लोकप्रतिनिधी ग्रामसभेचा ठराव सहसा बाजूला ठेवत नाहीत.

पायरी ६: विधिमंडळाकडे

प्राण्यांवरील क्रूरता रोखणं हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्यालाही यात कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगत बदल असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. हे होत नाही असं कुणी म्हणालं तर बैलगाडा शर्यतीचं उदाहरण द्या. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. २०१७मध्ये महाराष्ट्राने १९६०च्या कायद्यात स्वतःपुरती दुरुस्ती केली, तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली, डिसेंबर २०२१मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. गावोगावच्या लोकांनी लावून धरलं म्हणून हे घडलं.

त्याच दुरुस्तीत शर्यतीत बैलाला वेदना दिल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद आहे. शर्यतीच्या बैलाला ५ लाखांचं संरक्षण आणि उसाच्या गाडीखाली महिनोन्‌महिने राबणाऱ्या बैलाला ५० रुपयांचं. आमदारांपुढे हे दोन आकडे एका ओळीत ठेवा. २०१४च्या निकालातही शिक्षा परिणामकारक करण्यासाठी कायदा सुधारावा अशी अपेक्षा संसदेकडून केली होती. केंद्राने २०२२मध्ये दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी काढला, पण पन्नास रुपयांचा दंड अजून तसाच आहे.

आमदारांना भेटताना मागणी नेमकी असू द्या. तारांकित प्रश्न (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो): गेल्या हंगामात किती गाडीतळ तपासले? लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी): तुमच्या जिल्ह्यातल्या नोंदी आणि माहिती अधिकाराची उत्तरं जोडून. अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं): ओढकामाच्या जनावरांसाठी कलम ११ मधला दंड वाढवणं, आणि जबाबदारी ओझं ठरवणाऱ्या कारखान्यावर टाकणं. आमदारांमार्फत विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडेही अर्ज जाऊ शकतो. हिवाळी अधिवेशन नागपूरला साधारण डिसेंबरात असतं, तेव्हा धुराडी पेटलेलीच असतात. प्रश्नांची सूचना बऱ्याच आधी द्यावी लागते, म्हणून ऑक्टोबरातच भेट घ्या. विरोधी बाकावरच्या आमदारांनाही भेटा.

मंत्र्यांनी सभागृहात ‘कार्यवाही करू’ म्हटलं की त्या दिवसाचं कामकाज विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. सभागृहातल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला वेगळी आश्वासन समिती आहे. आश्वासनाची तारीख, मजकूर आणि त्यानंतरच्या तुमच्या ताज्या वजननोंदी त्या समितीच्या अध्यक्षांना पाठवा. एक प्रत साखर आयुक्तांना आणि एक तुमच्या कारखान्याच्या अध्यक्षांना द्या.