जयगडला इंजिन तापलं तेव्हा

मुंबई ते गोवा, शिडाची बोट, आम्ही दोघंच. जयगडच्या खाडीत शिरताना इंजिनचा अलार्म वाजायला लागला आणि बघते तर एक्झॉस्टमधून पाणीच येत नाहीये (इंजिन थंड करून समुद्राचं पाणी तिथूनच बाहेर पडतं), लगेच इंजिन बंद केलं, शिडावर आत आलो नि नांगर टाकला. समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बंद करून आधी गाळणी उघडली, ती साफ होती, मग पंपाचं झाकण काढलं तर रबरी इम्पेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाची, दोन पाती गायब! नवा इम्पेलर साबणाचं पाणी लावलं की पटकन बसतो, पण तुटलेले तुकडे सापडल्याशिवाय इंजिन चालू करू नका, ते पुढे हीट एक्सचेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनची उष्णता काढून घेणारा भाग) तोंडाशी अडकतात आणि परत तेच सुरू. आमचे तिथेच मिळाले, काळे, नखाएवढे. यात दिवस गेला म्हणून मालवणऐवजी आधी देवगड ठरवलं, बंदर आडोशाचं आहे आणि सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांत अंधार पडताना शिरायला माझा ठाम नकार होता. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं." पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर निघालो, दुपारी वायव्येचा वारा मागून मिळाला, देवगडात शिरताना इंजिन लावलं तर टेम्परेचरचा काटा एकदम नॉर्मल. आणि हो, पंपाच्या झाकणाचं कागदी गॅस्केट (पाणी गळू नये म्हणून झाकणाखाली बसवतात ते) जास्तीचं ठेवाच, उघडताना ते बहुतेक फाटतं.