भर मे महिन्यात पद्मिनी बंद पडली तर

नागपूरचा वर्धा रोड, दुपारचे दोन, पारा 45 च्या वर आणि आपली जुनी मोटार, प्रीमियर पद्मिनी, गचके खाऊन बंद. अशा वेळी स्टार्टर मारत बसू नका, बॅटरी उतरते. मी दोनदा उतरवली आहे.

बहुतेक वेळा हा व्हेपर लॉक असतो. इंजिनाला लागून असलेला मेकॅनिकल फ्युएल पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. गाडी सावलीत ढकला, बॉनेट उघडा. सुती दुपट्टा पाण्यात भिजवून, पिळून पंपावर आणि पेट्रोलच्या नळीवर गुंडाळा. डिस्ट्रिब्युटरवर (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग) मात्र थेंब नको, नाहीतर ठिणगीच जाईल. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही.

पंधरा-वीस मिनिटं थांबा. एवढ्यात दोन-तीन जण जमतातच. एक काका स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांडीला हात लावून म्हणणार, "आमच्या बाबांकडं होती ना, बाप्पा!" त्यांना बोलू द्या, ढकलायला तेच लागतात.

सुरू झाली की एसीवाल्या गाड्यांशी शर्यत न लावता निघा. 1089 सीसीचंच इंजिन आहे. आणि पुढच्या वेळी सकाळी नऊच्या आत घरी या.