महाधमनीची झडप बदलल्यानंतर या चुका टाळा

शस्त्रक्रिया नीट पार पडली म्हणजे हृदय पूर्ववत झाले, ही समजूत घेऊन रुग्ण घरी येतो आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. महाधमनीची झडप अरुंद झालेली असताना डाव्या जवनिकेला, म्हणजे शरीराला रक्त पाठवणाऱ्या हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याला, वर्षानुवर्षे जादा जोर लावून रक्त पुढे ढकलावे लागते. त्यामुळे तिची भिंत जाड होते, स्नायूंमध्ये तंतुमय ऊती वाढते, आणि दुखणे लांबले तर डावी कर्णिका (वरचा कप्पा), फुप्फुसांतील रक्तदाब व शेवटी हृदयाची उजवी बाजूही त्यात ओढली जाते. नवी झडप अडथळा त्याच दिवशी दूर करते. भिंतीची जाडी उतरायला मात्र महिने लागतात, आणि त्यातली बरीचशी सुधारणा पहिल्या वर्षात होते. विखुरलेले तंतू काही प्रमाणात कमी होऊ शकतात; जिथे पेशी मरून व्रण झाला आहे, तो भाग एमआरआयमध्ये नंतरही तसाच दिसतो.

‘झडप बसली, आता गोळ्या कशाला?’

रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करणे ही मोठी चूक आहे. झडपेचा अडथळा गेला, पण रक्तदाब वाढलेलाच राहिला, तर जवनिकेला पुन्हा दाबाविरुद्धच काम करावे लागते आणि जाडी उतरण्याचे काम रेंगाळते. लघवीच्या गोळ्यांचे गणित थोडे नाजूक असते. जाड, ताठ जवनिकेत रक्त सहज भरत नाही, म्हणून शरीरात पाणी साचले की दम लागतो आणि पाणी फार कमी झाले की उभे राहताना भोवळ येते. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी, वजन करून वहीत लिहावे; दोन-तीन दिवसांत दोनेक किलो वाढले किंवा पावलांवर सूज आली, तर डॉक्टरांना कळवावे. जुलाब-उलट्या होत असताना मात्र लघवीची गोळी नेहमीप्रमाणे घेत राहू नये. फोन करून विचारावे. पापड-लोणच्यातले मीठ आपण मिठात धरत नाही, ते धरावे.

इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालातील एकाच आकड्यावर विसंबणे

‘इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के’ एवढे वाचून घरातले निर्धास्त होतात. हा आकडा जवनिका प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकते ते सांगतो, ती किती सहज भरते ते सांगत नाही. म्हणून आकडा उत्तम असूनही जिना चढताना धाप लागू शकते. उलट गोष्टही घडते. झडप गळत असल्यामुळे शस्त्रक्रिया झाली असेल, तर सुरुवातीला हा आकडा थोडा घसरू शकतो, आणि ताणलेली जवनिका लहान होत गेली की पुष्कळदा सावरतो. नव्या झडपेवर दाबाचा थोडा फरक दिसणे स्वाभाविक आहे. सरासरी १० ते १५ मिलिमीटर (पाऱ्याचे) फरक पाहून ‘झडप पुन्हा अरुंद झाली’ असे घाबरण्याचे कारण नाही. झडप खरोखर फार अरुंद असते तेव्हा तो ४० च्या वर असतो. साधारण दीड ते तीन महिन्यांनी केलेला इको हा तुलनेचा पाया असतो, म्हणून तो चुकवू नये आणि त्याची प्रत जपून ठेवावी.

रक्त पातळ करणारे औषध

यांत्रिक झडप असेल तर वॉरफरीन किंवा ॲसेनोकुमेरॉल आयुष्यभर घ्यावे लागते. महाधमनीच्या आधुनिक यांत्रिक झडपेसाठी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा रक्तचाचणीतला आकडा) सहसा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात; ठोका अनियमित असेल किंवा हृदय अशक्त असेल तर डॉक्टर ३ च्या आसपास ठेवण्यास सांगतात. चाचणीची कटकट नको म्हणून नवी औषधे मागणारे बरेच भेटतात, पण यांत्रिक झडपांच्या रुग्णांवर त्यांपैकी डॅबिगॅट्रानचा अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला आणि २०२२ मध्ये ॲपिक्साबॅनचाही थांबवला गेला. ऊतीच्या (प्राण्यांच्या ऊतीपासून बनवलेल्या) झडपेचे नियम वेगळे आहेत, तेव्हा शेजाऱ्याचा सल्ला आपल्याला लागू पडेलच असे नाही.

पालक-मेथीतील के जीवनसत्त्व या औषधाचा परिणाम कमी करते; तरी त्या बंद करण्याची गरज नाही, प्रमाण आठवडाभर सारखे हवे. श्रावणात किंवा नवरात्रात जेवण एकदम बदलते आणि आयएनआर बिघडतो. उपवास धरायचाच असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून त्या काळात तपासणी लवकर करून घ्यावी. गुडघेदुखीसाठी दुकानातून घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळी, जुलाबावरचे मेट्रोनिडाझोल, कोणीतरी दिलेला काढा, यांपैकी काहीही विचारल्याशिवाय घेऊ नये. एखादी मात्रा विसरली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. यांत्रिक झडपेची नेहमीची टिकटिक दबल्यासारखी झाली आणि दम वाढला, तर झडपेवर गुठळी झाल्याची शंका घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. बोलण्यात अडखळ किंवा हात-पाय लुळा पडणे यालाही तोच नियम.

छातीचे हाड साधारण दीड-दोन महिन्यांत जुळते. तोवर जड उचलणे, हातांवर भार देऊन उठणे व दुचाकी चालवणे टाळावे. हे बहुतेक जण पाळतात. चालणे मात्र बंद करतात, आणि ते चूक आहे. चालणे रोज थोडे वाढवीत न्यावे.

ठोका अचानक धडधडत अनियमित होणे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत बरेचदा घडते, पण घरी आल्यावर तसे झाले तर अंगावर काढू नये, कारण ताठ जवनिकेला जलद ठोका सोसत नाही. मांडीतील धमनीतून, कॅथेटरने झडप बसवली असेल, तर ठोका फार मंद होणे किंवा शुद्ध हरपणे याची दखल तातडीने घ्यावी. अशा काहींना पेसमेकर लागतो.

ताप आल्यावर जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक घेऊन मोकळे होणे ही शेवटची, पण गंभीर चूक आहे. कृत्रिम झडपेवर जंतुसंसर्ग झाला असेल, तर रक्त कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवण्याआधीच औषध सुरू झाल्याने जंतू सापडत नाही आणि निदान लांबते. डॉक्टरांना झडपेची माहिती पहिल्या वाक्यात द्यावी. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यालाही ती सांगावी, म्हणजे प्रक्रियेच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची प्रतिजैविकाची मात्रा ते लिहून देऊ शकतील.