पिपच्या पैशांचा हिशेब आधी मांडा

भांडवलशाहीत माणसाची ओळख कशी घडते, हा प्रबंधिकेचा विषय घेऊन डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१८६०-६१) वाचायला बसणार असाल, तर मार्क्सला थोडे दिवस कपाटातच राहू द्या. आधी एक वही घ्या आणि ५९ प्रकरणांतला पैसा टिपत जा: किती, मूळ कोणाचा, कोणाच्या हातून आला आणि त्यानंतर कादंबरीचा नायक पिप याच्याशी कोण कसं वागलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच रिकामा राहतो.

१३व्या प्रकरणात श्रीमंत मिस हॅविशॅम २५ गिनी (जुनं इंग्रजी नाणं) देते आणि पिप लोहारकामाच्या उमेदवारीला बांधला जातो. १८व्यात वकील जॅगर्स नव्या कपड्यांसाठी २० गिनी मोजतो. पुढच्याच प्रकरणातला ट्रॅब शिंपी सावकाश वाचा. गरम पावात लोणी भरत बसलेला हा गृहस्थ आधी जागचा हलत नाही. पिपला मालमत्ता मिळाल्याचं कळताच उठून बोटं टेबलाच्या कापडाला पुसतो. गिन्या दिसल्यावर तर वाकून ‘माय डिअर सर’. कपडे अजून बेतलेलेही नाहीत! लेखनाला सुरुवात इथूनच करा.

‘पैशाने पिप बिघडला’ हे विधान मात्र टिकत नाही. मिस हॅविशॅमची दत्तक मुलगी एस्टेला त्याच्या खरबरीत हातांना आणि जाड बुटांना नावं ठेवते ती ८व्या प्रकरणात, गिन्यांच्या कितीतरी आधी. शिवाय हे सांगणारा पिप मोठा झालेला आहे. त्याचा पश्चात्ताप आणि त्या पोराची तेव्हाची समज यांची सरमिसळ झाली की विवेचन घसरतं.

समीक्षक फ्रांको मोरेत्तीचं ‘द वे ऑफ द वर्ल्ड’ (१९८७) यानंतर घ्या. नायकाच्या घडणीची गोष्ट सांगणाऱ्या इंग्रजी कादंबरीला (बिल्डुंग्सरोमान) तो परीकथेच्या जवळ नेतो. वही हाताशी असली की त्याच्याशी भांडता येतं.

न घेतलेल्या पैशांना वेगळं पान द्या. पिपला उमेदवारीतून सोडण्याची भरपाई त्याचा मेहुणा, लोहार जो गार्जेरी, नाकारतो. पिपला गुपचूप पैसा पुरवणारा शिक्षा झालेला कैदी म्हणजे मॅग्विच; त्याचा पैसा यापुढे नको, असं पिप ठरवतो. शेवटी तो क्लॅरिकरच्या पेढीत कारकुनी करून कर्ज फेडतो, म्हणून ‘श्रमाने उद्धार’ असं लिहायचा मोह होतो. पण त्या पेढीत मित्र हर्बर्टची भागीदारी पिपनेच गुपचूप जुळवलेली असते: सुरुवातीचे २५० पौंड मॅग्विचच्या पैशातले (प्रकरण ३७), नंतरचे ९०० मिस हॅविशॅमचे (४९). या दोन नोंदी वगळून निष्कर्ष लिहिलात, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यांवरच येईल.