भाडेकरू वाढीव भाडं देत नव्हता, ते असं सुटलं

पागडीची खोली (म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे घेऊन कमी भाड्याने दिलेली), भाडं 1,200 रुपये. मी 2,000 मागायचो, भाडेकरू जुनंच भाडं पुढे करायचा. तोंडी सांगून झालं, चिठ्ठी देऊन झालं. दोन वर्षं नुसता डोक्याला ताप.

आकडाच चुकीचा होता, माझा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 11 प्रमाणे वर्षाला 4 टक्के वाढ मिळते, म्हणजे 48 रुपये. आधी तेवढीच धरली. मग मालमत्ता करातली वाढ कलम 12 खाली वेगळी दाखवली, बिलाची प्रत जोडली. पत्रात लागू होण्याची तारीख घालून ते स्पीड पोस्टाने पाठवलं. पावतीवरही भाडं आणि कर वेगवेगळे लिहिले (पावती देणं मालकाला बंधनकारकच आहे). पुढच्या महिन्यात पूर्ण रक्कम आली.