एक तार दिसत नाही : ईबुकची कव्हरं नव्यानं करताना

गेल्या महिन्यात कॉलेजची तीन पोरं घरी आली होती, ताई आम्हाला ईबुकची कव्हरं करायला शिकायचंय, कुठला कोर्स लावू म्हणून. दोन तास बसून त्यांना जे सांगितलं तेच इथं नीट लिहून काढतेय, कारण मी सुरू केलं तेव्हा सोलापुरात हे विचारायला कुणी नव्हतं.

माझं आधीचं काम डीटीपीचं, नवी पेठेतल्या एका दुकानात. लग्नपत्रिका, हँडबिलं, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत बॅनर. त्यामुळं मराठी अक्षरावर हात बसलेला होता, पण पुस्तकाचं कव्हर ही वेगळी चीज आहे हे पहिलं काम आलं तेव्हा कळलं. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ईबुकच्या दुकानात, मराठी पुस्तकं रीतसर यायला लागली आणि बऱ्याच लेखकांनी स्वतःच हौसेनं पुस्तकं चढवली, कव्हरंही स्वतःच केली किंवा भाच्याकडून करून घेतली. आता पाचसहा वर्षांनी त्यांना वाटतं की पुस्तक चांगलंय, वाचलेले लोक चांगलं बोलतात, पण नवीन कुणी उघडून बघत नाही. माझ्याकडं येणारी कामं बहुतेक अशीच.

पहिलं काम एका निवृत्त सरांचं. यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या एका कामगाराची कादंबरी. जुन्या कव्हरवर मावळता सूर्य, एका बाईचा चेहरा, हात जोडलेला म्हातारा, आणि मध्ये हातमागावर बसलेला विणकर, वर लाल-पिवळ्या रंगात सावली दिलेलं नाव. मी कादंबरी वाचायला घेतली तर पहिल्या पानापासून खडखडाट, पॉवरलूमचा, अख्ख्या पुस्तकात हातमाग एकदाही नाही! पूर्व भागात, म्हणजे सोलापूरच्या विणकरांच्या वस्तीत, राहणारा कुणीही ते कव्हर बघून म्हणेल की ह्याला मागातलं काही कळत नाही, आणि सरांना तर सगळं कळत होतं, फोटो तेवढा नेटवरून दुसऱ्याच कुणी निवडलेला. तेव्हापासून माझा नियम आहे, पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय कॉम्प्युटर उघडायचा नाही. दोनशे पानांना दोन संध्याकाळी जातात, जाऊ द्या. वाचताना वहीत फक्त वस्तू लिहायच्या, भावना नाही. दुःख, संघर्ष असलं काही लिहिलं तर चित्र सुचत नाही, मग परत मावळता सूर्यच येतो. त्या कादंबरीतून माझ्या वहीत उतरलं होतं ते म्हणजे धोटा (मागात आडवा दोरा घेऊन इकडून तिकडं धावतो तो), तेलाचा डबा, शेंगाचटणीची पुडी, तुटलेली चप्पल, पगाराचं पाकीट. त्यातला धोटा घेतला.

आता खरी गोष्ट. माझ्या मनात होतं की धोट्यातून दोरा निघतो आणि तोच पुढं जाऊन नावाची शिरोरेषा होतो, अक्षरं त्या दोऱ्याला लटकलेली. मोठ्या स्क्रीनवर इतकं सुंदर दिसत होतं की मी रात्री एकला सुद्धा उठून बघत होते. सकाळी अण्णांना दाखवलं. अण्णा म्हणजे माझे वडील, तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे, म्हणजे चादरीवरचा मोर किंवा फूल आधी चौकटीच्या कागदावर भरायचं, एक चौकट म्हणजे एक तार, त्यावरून जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, पंचकार्डं पाडतात आणि मागावर तसंच्या तसं उतरतं. मी त्यांना मोबाईलवर दाखवलं, किंडलच्या दुकानाच्या यादीत पुस्तक जेवढं दिसतं तेवढ्या आकारात, म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं. अण्णांनी मोबाईल हातभर लांब धरला आणि म्हणाले, "दोरा कुठाय?"

खरंच नव्हता. शिरोरेषा गायब, नुसते काने आणि वेलांट्या हवेत. मग ते म्हणाले, "एक तार कापडात दिसत नसती गं. फुलाची कड काढायची तर आम्ही चार तारा एका जागी घालायचो, तेव्हा कुठं ती लांबून एक दिसायची."

मी शिरोरेषा चौपट जाड केली, धोटा मोठा केला, मागचं टेक्स्चर काढून टाकलं, लेखकाचा फोटो आणि उपशीर्षकही काढलं. एवढं सगळं काढल्यावर ते कव्हर झालं. म्हणून पोरांना मी पहिल्यांदा हेच करायला लावलं, कुठलंही कव्हर घ्या, उंची दीडशे पिक्सेल करा, मोबाईल हातभर लांब धरा आणि काय वाचता येतं ते सांगा. जे वाचता येत नाही ते कव्हरवर नाहीच असं समजा.

दुसरी परीक्षा काळ्या-पांढऱ्याची. किंडलची साधी मशीनं करड्या रंगातच दाखवतात, तिथं तुमचा लालभडक आणि गर्द हिरवा सारखाच करडा होतो आणि नाव बॅकग्राउंडमध्ये बुडतं. रंग काढून एकदा बघायचंच. रंगांतला फरक नव्हे, उजेड-अंधारातला फरक नाव वाचवतो.

अक्षरांबद्दल जरा जास्त बोलते कारण बाहेरचे डिझायनर इथंच घसरतात. सरांच्या पुस्तकाच्या नावात 'वाऱ्यावर' हा शब्द होता. हा अर्धा ऱ्य मराठीचा खास, पुष्कळ फॉन्टमध्ये तो नसतो किंवा डोक्यावर रफार घेऊन 'वार्यावर' असं काहीतरी भलतंच होतं. त्यामुळं फॉन्ट निवडताना पुस्तकाचं पूर्ण नाव टाईप करून बघायचं, नुसतं 'अबक' बघून भुलायचं नाही. ल आणि श चं पण तसंच, आपला पाकळीचा ल आणि देठाचा श वेगळा, शासनाने २००९ च्या निर्णयात तोच प्रमाण धरलाय, हिंदी वळणाचे ल-श आले की मराठी वाचकाला कुठंतरी खटकतं, का ते त्याला सांगता येणार नाही पण खटकतं. काही फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की अक्षरं बदलतात, आणि टिरो देवनागरी मराठीसारखा फॉन्ट मुळातच मराठीसाठी केलेला आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि त्यांचं लायसन्स धंद्याच्या कामालाही चालतं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं तुटत असतील तर पॅराग्राफच्या पॅनेलमधून वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा. इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात देवनागरी नीट चालतं, कॉम्प्युटर साधा असेल तर तिथून सुरुवात करा. आणि लेखकाने नाव जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये पाठवलं असेल तर ते कन्व्हर्ट करत बसू नका, युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर चालतं तसल्या मराठीत, स्वतः टाईप करा आणि लेखकाकडून तपासून घ्या. माझ्या एका कव्हरवर ऱ्हस्व-दीर्घाची चूक थेट दुकानात गेली होती, आता लेखकाने 'नाव बरोबर आहे' असं मेसेजमध्ये लिहिल्याशिवाय मी फायनल फाईल देत नाही.

तांत्रिक भाग थोडक्यात. किंडलसाठी उंची २५६० आणि रुंदी १६०० पिक्सेल, जेपेग, रंग आरजीबी, म्हणजे स्क्रीनचे. प्रेसवाल्या सवयीनं सीएमवायके, म्हणजे छपाईचे रंग, ठेवू नका. पांढरं कव्हर असेल तर तीनचार पिक्सेलची करडी कड द्या, नाहीतर दुकानाच्या पांढऱ्या पानात कडा हरवतात. किंमत, ऑफर असलं काही कव्हरवर टाकायचं नाही. लेखकांना एक भीती असते की कव्हर बदललं की जुने रिव्ह्यू जातील, तसं होत नाही, त्याच पुस्तकाला नवीन कव्हर चढवायचं, दिसायला तीन दिवसांपर्यंत लागू शकतात. एआयने केलेलं चित्र वापरलं तर पुस्तक चढवताना ते सांगावं लागतं, म्हणून लेखकाला आधीच स्पष्ट कळवा, लपवू नका.

फोटो नेटवरून उचलू नका हे मी पोटतिडकीनं सांगते. सोलापुरात राहून सोलापूरचा फोटो नेटवर कशाला शोधायचा, मोबाईल घ्या आणि बाहेर पडा. तो धोटा मी ओळखीच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसासाठी मागून आणला, खिडकीपाशी पांढऱ्या चादरीवर ठेवून फोटो काढला, टोकाला घासून घासून आलेली चकाकी कुठल्याच तयार फोटोत मला सापडली नव्हती.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या कामाचे मी पाचशे घेतले आणि अकरा वेळा बदल केले. आता निम्मे आधी घेते, दोन वेगवेगळी कच्ची डिझाईन दाखवते, तीन बदलांपर्यंत वेगळे पैसे नाहीत, हे सगळं कामाआधी लिहून. कव्हर छापील पुस्तकावर वापरायचं असेल तर ते वेगळं ठरवायचं हेही त्यातच. पैसे बुडवणारा एक भेटला होता, तेव्हापासून फायनल फाईल पैसे आल्यावरच. आणि जुन्या कव्हरला कधी वाईट म्हणू नका, ते कुणीतरी घरच्यांनी प्रेमानं केलेलं असतं. सरांना मी फक्त दोन्ही कव्हरं मोबाईलवर शेजारी शेजारी ठेवून दाखवली, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग धोट्यावर बोट ठेवून म्हणाले, हा माझ्या भावाच्या मागाचा वाटतो.

काम नसेल तर सराव कशावर करायचा हे पोरांनी विचारलं. आपल्याकडं लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी पुस्तक कॉपीराइटमधून मोकळं होतं. कादंबरीकार हरि नारायण आपटे १९१९ ला गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं केव्हाच मोकळी झालीत, विकिस्रोतावर अशी जुनी मराठी पुस्तकं वाचायला मिळतात. एक घ्या, वाचा, वस्तूंची यादी काढा, कव्हर करा. असे चार-पाच झाले की दाखवायला काहीतरी होतं.

तिघांतल्या एकीनं परवा पहिलं कव्हर पाठवलं. नाव हातभर अंतरावरून वाचता येतंय, ऱ्य बरोबर बसलाय, फक्त दिवा, पाटी, खिडकी आणि पोपट असं चौघांचं एकाच जागी भांडण चाललंय. तिला म्हटलं, तिघांना काढ आणि संध्याकाळी अण्णांना दाखवायला ये.